विजेची शेकोटी

माझ्या हातांविषयी आमच्या घरात फारसे चांगले मत नाही. दिनदर्शिका टांगण्यासाठी मी खिळा ठोकायला घेतला, की आमची सौभाग्यवती आधी भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला सूचना देऊन येते. आणि यात तिची काही चूक आहे असे मला वाटत नाही. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. खडू आणि पुस्तक यांहून जड अवजार या हातांनी उचललेले नाही. तेव्हा २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत इंग्लंडात लेस्टरला दादाकडे गेलो असताना, "आम्ही दोघं मिळून दिवाणखान्यात फायरप्लेस बांधतो आहोत," असे मी फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मग ती म्हणाली, "अहो, दादांच्या घराचा विमा उतरवलेला आहे ना?"

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. इंजिनियर होऊन तो तिकडे गेला, त्याला आता पंचवीसाहून अधिक वर्षे झाली. त्याचे घर मात्र आम्हां दोघांच्या वयांची बेरीज केली तरी तिच्याहून जुने. लाल विटांची, एकमेकींना खेटून उभी असलेली एकसारखी घरे, आणि दर दोन घरांच्या मध्ये छपरावर एक जाडजूड धुराडे. त्या धुराड्यांवर मातीच्या कुंड्या पालथ्या-उताण्या मांडल्यासारख्या दिसतात. पहिल्या दिवशी मला वाटले, हे लोक छपरावरही फुलझाडे लावतात की काय! दादा हसून म्हणाला, "कुंड्या मोज. जितक्या कुंड्या, तितक्या खोल्यांत पूर्वी आग होती." मी मोजल्या. घराच्या वाट्याला चार आल्या. आत येऊन पाहतो, तर चारांपैकी एकही आग शिल्लक नव्हती. दिवाणखान्याच्या भिंतीचा मधला भाग तेवढा पुढे आलेला, गुळगुळीत गिलावा केलेला, आणि खाली हवेसाठी एक छोटी जाळी. डोळे मिटून बसलेल्या माणसासारखी ती भिंत दिसे.

हे डोळे कोणी मिटले, त्याची हकीगत मोठी आहे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धुके आणि कोळशाचा धूर यांचे असे झाकण बसले, की रस्त्याने चालणाऱ्याला स्वतःचे पाय दिसेनात. त्या धुराने चार हजार माणसे मेली असे तेव्हा सांगितले गेले. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. लाखो घरांच्या लाखो शेकोट्या, प्रत्येकीभोवती एक सुखी कुटुंब, आणि सगळ्यांच्या सुखाचा धूर मिळून हा अनर्थ! मग १९५६ साली हवा स्वच्छ राखण्याचा कायदा झाला. पुढे घरोघर गॅसवर तापणाऱ्या पाण्याचे नळ भिंतीभिंतींतून फिरले, आणि लोकांनी आपापली धुराडी बुजवून टाकली. इंग्लंडात घरी जाळायचा साधा दगडी कोळसा विकणे आता २०२३ पासून पूर्णपणे बंदच झाले आहे.

"थंडी गेली, पण बसायची जागाही गेली," वहिनी म्हणाल्या. त्यांची तक्रार अगदी साधी होती. चार माणसे खोलीत आली की कशाकडे तोंड करून बसायचे? खुर्च्या सगळ्या टेलिव्हिजनकडे वळलेल्या, आणि तो बंद असला की माणसे काळ्या काचेपुढे बसल्यासारखी दिसतात. दादाने इथे आपले ज्ञान पुढे केले. म्हणाला, "लॅटिनमध्ये चुलीला 'फोकस' म्हणतात. केप्लरने १६०४ मध्ये तो शब्द प्रकाशशास्त्रात घेतला. म्हणजे मुळात फोकस भिंगाचा नव्हे, घराचा!" मी मराठीचा प्राध्यापक असून शब्दाची व्युत्पत्ती मला इंजिनियरने सांगावी, याचे मला थोडे वैषम्य वाटले.

म्हणून मीही माझ्या शब्दांची पेटी उघडली. या वस्तूला मराठीत म्हणायचे काय? शेकोटी म्हणावे, तर ती अंगणातली, आगटीही अंगणातलीच. शेगडी उचलून नेता येते. चुलीवर काहीतरी शिजत असावे लागते. धुनी साधूची, भट्टी लोहाराची, होळी वर्षातून एकदाची. विस्तवासाठी एवढे शब्द आपल्याकडे आहेत. पण घरात, भिंतीत, नुसते ऊब घेत बसण्यासाठी केलेल्या आगीला शब्द नाही. कारण तिची आपल्याला गरजच पडली नाही. आपल्या घरातला विस्तव नेहमी काही ना काही कामात असतो.

कामातल्या विस्तवाची आठवण नुकतीच निघालीही होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे दादा शॉवरखालून बाहेर आला तो कुरकुरतच. "पाणी गरम आहे, पण धुराचा वास नाही त्याला!" दापोली तालुक्यात आमचे गाव. तिथे मागीलदारी चुलाणावर तांब्याचा मोठा हंडा चढलेला असे. आई तीन वाजता उठून त्याखाली जाळ घाली. चुलाणापलीकडे एक रायवळ आंबा होता. त्याच्या वाळक्या फांद्या त्या दिवसासाठी राखून ठेवलेल्या असत. दादा ते सांगत होता आणि मी उगीचच चकलीचा तुकडा मोडून त्याचे आणखी तुकडे करीत होतो. आंब्याच्या त्या झाडाचे नाव दादासमोर निघाले, की गेली चार वर्षे मला असेच काहीतरी चाळे सुचत. त्याचे कारण पुढे येईलच.

भाऊबीज झाली, दादाने आठवड्याची रजा काढली, आणि आम्ही कामाला लागलो. खरे धुराडे पुन्हा उघडण्याचा विचार खर्चाने आणि नियमांनी पहिल्याच दिवशी मारला. दादाने विजेवर चालणारी पेटी आणली होती. दोन फूट रुंद, वीतभर खोल, समोर काच. आत प्लास्टिकचे निखारे. तिच्याभोवती लाकडी चौकट उभी करायची, वर फळी घालायची, की झाली फायरप्लेस. कागदावर हे फार सोपे दिसले.

पहिला धडा भिंतीने दिला. ओळंबा सोडून पाहिला, तर शंभराहून अधिक वर्षे उभी असलेली ती भिंत वरून खाली येईतो पाऊण इंच बाहेर आलेली! मला वाटले, आता भिंत तासावी लागणार. दादाने वेगळीच युक्ती केली. फळी भिंतीला लावून सरळ उभी धरली, लाकडाच्या एका बारक्या तुकड्याला पेन्सिल टेकवली आणि तो तुकडा भिंतीवरून खालपर्यंत फिरवला. भिंतीचा सगळा वाकडेपणा फळीवर रेषेच्या रूपाने उतरला. त्या रेषेवर फळी कापली, की ती भिंतीला केसाचीही फट न ठेवता बसते. "भिंत सरळ करायच्या भरीला पडू नकोस," दादा म्हणाला. "आपण तिच्याप्रमाणे वाकायचं, आणि दिसायचं मात्र सरळ." एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे नवीन नव्हते, पण सुतारकामात ते असते हे मला माहीत नव्हते.

आधी भिंतीत भोके पाडून, गुल्ले ठोकून, त्यांवर लाकडाच्या पट्ट्या स्क्रूने आवळल्या. त्या पट्ट्यांचा सांगाडा हेच चौकटीचे खरे बळ. त्यावर अठरा मिलिमीटर जाडीच्या एम. डी. एफ. च्या फळ्या चढवायच्या. हे लाकडाच्या भुशाचे आणि डिंकाचे दाबून केलेले लाकूड. कापताना त्याची धूळ इतकी बारीक उडते, की तोंडाला मुखपट्टी लावावीच लागते. कापायचे काम दादाने परसदारी केले. मला त्याने नक्षीच्या पट्ट्या कापायला दिल्या. पेटीच्या तोंडाभोवती त्या तसबिरीच्या चौकटीसारख्या बसवायच्या, म्हणजे कोपऱ्याला दोन पट्ट्यांची टोके पंचेचाळीस अंशांत तिरपी कापायची. मी मोजले, पुन्हा मोजले, आणि अत्यंत सुबकपणे दोन पट्ट्या कापल्या. जोडून पाहतो तो दोन्हींचा तिरपेपणा एकाच बाजूला! दोन्ही पायांत डावाच जोडा घातल्यासारखे झाले. दादा काही बोलला नाही. त्याने फक्त नवी पट्टी माझ्या हातात दिली. लहानपणी माझे गणित चुकले की असाच तो कोरा कागद पुढे सरकवीत असे.

विजेच्या बाबतीत मात्र त्याने माझा हात लागू दिला नाही. पेटीतली ऊब दोन किलोवॉटची; म्हणजे तासाला दोन युनिटे, तिथल्या तेव्हाच्या दराने सुमारे पन्नास पेन्स. एवढ्या ओझ्याची वायर चौकटीमागे चेंगरता कामा नये, मध्ये जोडवायर लावता कामा नये, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये जायला हवी. पेटीला हवा ओढायला आणि गरम वारा सोडायला झरोके असतात. चौकट कितीही देखणी झाली तरी ते झाकायचे नाहीत. आणि भिंतीतली जुनी जाळीही बुजवायची नाही, नाहीतर बंद धुराड्यात ओल धरते.

बसवण्यापूर्वी दादाने मला पेटीचे पोट उघडून दाखवले. ज्वाळा कुठून येतात, याचे मला भारी कुतूहल होते. आत एक आडवी सळई, तिच्यावर चकाकत्या पत्र्याच्या चिरफाळ्या. सळई संथ फिरते, खालच्या दिव्यांचा उजेड त्या चिरफाळ्यांवर आपटून उडतो आणि समोरच्या धुरकट पडद्यावर नाचतो. झाली ज्वाळा! तिला ऊब नाही, आणि वीजही ती नखभरच खाते. ऊब देणारी तार निराळी. ती वर लपलेली, तिला रूप नाही. म्हणजे दिसते ती तापत नाही आणि तापते ती दिसत नाही.

वर्गात मी अलंकार शिकवतो. एक वस्तू जणू दुसरीच आहे असे म्हटले, की उत्प्रेक्षा. ती ही नव्हेच, ती दुसरीच आहे असे ठासून सांगितले, की अपन्हुती. आणि पाहणाऱ्याची खरोखरच फसगत झाली, की भ्रांतिमान. या तिसऱ्या अलंकाराचे उदाहरण आम्हांला त्याच संध्याकाळी मिळाले. पेटी जमिनीवर ठेवून दादाने नुसत्या ज्वाळा लावून पाहिल्या, तोच शेजारणीचे मांजर आत आले, ज्वाळांसमोर पाय मुडपून बसले, डोळे मिटले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मग त्याने एक डोळा उघडला, पेटीकडे पाहिले, आणि भर सभेत अपमान झालेल्या पाहुण्यासारखे शेपूट ताठ करून निघून गेले. पुढील वर्षी वर्गात सांगायला हे उदाहरण मी टिपून ठेवले.

"पण ही वीजसुद्धा शेवटी कुठेतरी कोळसाच जाळून येत असेल," मी एकदा वाद घातला. दादाने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यांना रंगाचा पहिला हात देऊन त्या वाळत ठेवल्यावर त्याने मला गाडीत घातले आणि नॉटिंगहॅमच्या दिशेला नेले. रॅटक्लिफचे वीजकेंद्र लांबूनच दिसले. कमरेत आवळलेले आठ प्रचंड मनोरे, आणि एकातूनही वाफेची रेघ नाही. ब्रिटनमधले कोळशावर चालणारे हे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे आम्ही जाण्यापूर्वी जेमतेम सव्वा महिना, बंद झाले होते. १८८२ साली लंडनमध्ये कोळशावर वीज करायला सुरुवात झाली, तिला १४२ वर्षे झाली होती. आता वारा, गॅस, अणू यांच्यावर तो देश दिवे लावतो. दादा म्हणाला, "इतकी वर्षं आगगाडीतून येताना ही वाफ दिसली, की घर जवळ आलंसं वाटायचं." आम्ही रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिलो. विझलेल्या आगीसमोर माणूस आपोआप हळू बोलतो.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी चौकट पुरी झाली. मोत्याच्या रंगाची, छातीएवढ्या उंचीची, वर रुंद फळी. वहिनींनी फळीवर मधोमध आईचा फोटो ठेवला आणि दोन बाजूंना पणत्या. खऱ्या पणत्या लावल्या की छताचा धुराचा भोंगा केकाटतो, हे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळ्या आळीला कळलेच होते. म्हणून पणत्याही विजेच्या. मग दादाने पेटीची कळ माझ्यापुढे धरली. "तू पाहुणा आणि तूच सुतार. लाव."

मी हात मागे घेतला. "घर तुझं आहे, दादा. तू लाव."

"अरे, एवढं काय त्यात? दाब ना!"

"नको," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण वहिनींनी वळून पाहिले. दादाने कळ दाबली. ज्वाळा उठल्या, पाठोपाठ गरम वारा आला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना चहा दिला, आणि खुर्च्या टेलिव्हिजनकडून वळवून घेतल्या. बाहेर साडेचारालाच काळोख झाला होता. नऊ वाजता त्या झोपायला गेल्या. आम्ही दोघे बसून राहिलो.

"प्राध्यापक," दादा ज्वाळांकडे पाहत म्हणाला, "विजेची आग ही खरी आग का रे?"

मला व्याख्यान देता आले असते. उत्प्रेक्षा, अपन्हुती, सारे तयार होते. पण माझ्या तोंडून निराळेच वाक्य निघाले. "दादा, आंब्याची लाकडं मिळाली नव्हती."

आई २०२० च्या मे महिन्यात पुण्यात माझ्याकडे गेली. टाळेबंदी होती, विमाने मार्चपासूनच बंद होती. दादा येणे शक्य नव्हते. आईने त्याला थोरला म्हणून पूर्वीच सांगून ठेवले होते, 'मला आपल्या आंब्याच्या लाकडात दे.' त्या दिवशी फोनवर त्याने रडून झाल्यावर एकच विचारले, "लाकडं मिळाली का रे आंब्याची?" आणि मी म्हणालो, "मिळाली." एकच शब्द. गावाचा रस्ता बंद, वखारी बंद. आईला विद्युतदाहिनीत न्यावे लागले. चार माणसे होतो. तो एक शब्द मी त्याच्या दुःखावर फुंकर म्हणून बोललो, असे मी पुढे चार वर्षे स्वतःला समजावीत आलो. पण खरे सांगायचे, तर मला त्या वेळी त्याचे आणखी रडणे ऐकायचे नव्हते, म्हणून बोललो.

दादा बराच वेळ गप्प होता. खऱ्या आगीत निदान लाकूड तडकल्याचा आवाज तरी होतो. इथे तेही नव्हते.

"किती वेळ लागला?" त्याने विचारले.

"तासाहून जास्त."

"आणि अग्नी? अग्नी कसा दिलास?"

"तिथल्या माणसाने भिंतीवरची एक कळ दाखवली. ती मी दाबली."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग हातातल्या कळीकडे पाहिले. ती त्याने उठून फळीवर, फोटोच्या मागे ठेवून दिली. म्हणाला, "मी तुला ते विचारायलाच नको होतं. घरात बसून लाकडांची चौकशी करत होतो मी."

"तू कसा येणार होतास?"

"ते निराळं," तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही. त्याने मला क्षमा केली की नाही, हे मला सांगता येणार नाही. आमच्या घरात हा शब्द कधी कोणी वापरत नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग त्या झाडाचं काय झालं?"

"ते तुला माहीत आहे. आई गेल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत निसर्ग वादळ आलं, त्यात पडलं."

"पडलं ते माहीत आहे. लाकडाचं काय झालं?"

हे मात्र मी त्याला कधी सांगितले नव्हते, कारण सांगायला गेलो असतो तर पहिल्या 'मिळाली'ची गाठ सुटली असती. "शेजारच्यांना म्हटलं, घेऊन जा. वाडीतल्या सगळ्यांनी वाटून घेतलं. न्हाणीघरात जाळलं. दोन दिवाळ्या सबंध वाडीची अभ्यंगस्नानं आपल्या आंब्यावर झाली म्हणे."

दादाच्या चेहऱ्यावर काय झाले ते ज्वाळांच्या खोट्या उजेडात मला नीट दिसले नाही. पण तो हसत होता, एवढे नक्की. हसता हसता त्याने डोळे पुसले. "तीन वाजता उठून सगळ्यांना पाणी तापवायची," तो म्हणाला. "गेल्यावरसुद्धा बाईने काम काही सोडलं नाही!"

आम्ही ऊब बंद केली, ज्वाळा तशाच राहू दिल्या, आणि बारा वाजेपर्यंत बोलत बसलो. काय बोललो ते सांगण्यासारखे नाही. गावाच्या, झाडांच्या, मेलेल्या माणसांच्या गोष्टी. पण इतकी वर्षे दर रविवारी फोनवर बोलूनही आम्ही कधी तसे बोललो नव्हतो. फोनवर दोन माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. शेकोटीपाशी दोघेही तिसऱ्याच गोष्टीकडे पाहतात, आणि बोलायला तेच बरे पडते. ती तिसरी गोष्ट खरी पेटलेली आहे की पत्र्याच्या चिरफाळ्यांचा खेळ आहे, याची चौकशी त्या वेळी कोणी करीत नाही. मांजर करील कदाचित.

यंदा दिवाळीपूर्वी वहिनींचा फोन आला. चौकट छान टिकली आहे. फक्त डाव्या कोपऱ्यात, जिथे तिरप्या पट्ट्या जुळतात, तिथे केसाएवढी फट पडली आहे. मी ओशाळलो. तो काप माझा होता. म्हणालो, "वहिनी, दादाला म्हणावं, थोडी लांबी भरून वर रंगाचा हात दे. कळणारही नाही."

"मी सांगितलं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणतात, राहू दे. पुढच्या वेळी आला की त्याचा तोच भरील."